'डोया' अशुद्ध आणि 'डोळा' शुद्ध, हे ठरवले कोणी?



आम्ही दुसरीत होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी विचारले, काल शाळेत का आला नाहीस? आम्ही उभे राहून सांगितले, "माह्या मायचे डोये आले." सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, "डोये नाही, डोळे. अशुद्ध बोलू नको." मायचे डोळे कसे आहेत हे कुणी विचारलेच नाही. त्यानंतर सातवीपर्यंत आम्ही वर्गात स्वतःहून हात वर केला नाही. पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना शुद्ध-अशुद्ध, विटाळ, शिवाशिव यांवर ढीगभर वाचले तेव्हा लक्षात आले की, जो शब्द आमच्या आजोबांच्या सावलीला लावला जायचा तोच आमच्या जिभेला लावला होता.

हे आज आठवण्याचे कारण रिद्धपूर. गेल्या हंगामात, कापूस घरी येण्याच्या दिवसांत, त्या परिसरातल्या एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत आम्ही काही शनिवार तिसरी-चौथीच्या मुलांसोबत घालवले. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते इथे. महदंबेचे धवळे इथले. आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच आले आहे. आम्ही बौद्ध आहोत, महानुभाव पंथाशी आमचे धार्मिक नाते नाही. पण संस्कृतच्या मक्तेदारीला बाजूला सारून सामान्य बायाबापड्यांना कळेल त्या भाषेत ज्ञान आणण्याचा निर्णय या पंथाने घेतला, हा इतिहास आपण नाकारू नये. आपल्या परंपरेत तर हे त्याहून किती जुने आहे! बुद्धवचन छंदस् भाषेत बसवू द्या, अशी मागणी ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी केली तेव्हा तथागतांनी ती फेटाळली आणि धम्म आपापल्या बोलीत शिकण्याची मोकळीक दिली. विनयपिटकात ही हकीकत आहे.

तर त्या वर्गात आम्ही एक साधा उपक्रम घेतला. प्रत्येकाने घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचे आणि कापसाच्या कामाचे पाच शब्द आणायचे. पुढच्या शनिवारी कागदाच्या पट्ट्यांवर ते लिहून भिंतीवर लावले. पऱ्हाटी, बोंड, सरकी, डवरा, निंदण, येचा. नव्वदच्या वर शब्द झाले. मुलांनी त्यांचे गट पाडले : अवजारांचे वेगळे, कामांचे वेगळे, झाडाच्या भागांचे वेगळे. त्यात मोजणी आली, वाचन आले, लेखन आले. ज्या पोरांना पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचताना घाम फुटायचा, ती आपल्या बुढीने सांगितलेला शब्द मात्र बोट ठेवून वाचत होती.

मग गणित घेतले. आम्ही विचारले, "येचाईचा भाव किलोला १० रुपये धरला आणि मायने ३५ किलो कापूस येचला, तर किती रुपये?" उत्तर आले, ३५०. तेवढ्यात भिंतीजवळ बसणारी, परिपाठातही तोंड न उघडणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "पण दादा, काटा तं मालकाचाच असते."

वर्ग शांत झाला. समाजशास्त्राची दोन वर्षे आम्ही जे शिकलो ते या पोरीने एका वाक्यात सांगितले. श्रम कोणाचे आणि मोजमाप कोणाच्या हातात? ती हे बोलू शकली, कारण 'येचा' हा तिच्या घरचा शब्द त्या दिवशी फळ्यावर होता. तिला आधी 'वेचणी' म्हण असे दटावले असते, तर ती खाली बसली असती. आम्ही बसलो होतो तशीच.

तिथल्या शिक्षिकेने एक रास्त शंका काढली. "हे सारं खरं, पण परीक्षेत 'डोया' लिहिलं तर गुण कोण देणार?" आपल्यातलेही अनेक जण म्हणतील की, बाबासाहेब कोलंबियाला गेले, लंडनला गेले, आणि तुम्ही पोरांना वऱ्हाडीत अडकवता काय? नाही मित्रांनो. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, इंग्रजीही आलीच पाहिजे. म्हणून आम्ही फळ्यावर दोन रकाने केले : 'घरचा शब्द' आणि 'पुस्तकातला शब्द'. डोया-डोळा, केयी-केळी, वावर-शेत. दोन्ही बरोबर. कुठे कोणता वापरायचा ते मूल शिकते. मात्र पहिला रकाना पुसून दुसरा लिहायला लावला, तर मूल शब्द शिकत नाही, आपल्या मायची लाज बाळगायला शिकते. जोतीरावांच्या भाषेची टवाळी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी केली होती. म्हणून 'गुलामगिरी' खोटी ठरली नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्याच शाळेची विद्यार्थिनी होती. तिला बोलू देणारा वर्ग मिळाला, म्हणून ती लिहू शकली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सर्वत्र पेढे वाटले गेले. आनंदच आहे. पण ज्यांच्या जिभेवर ही भाषा आठशे वर्षे जगली, त्यांच्या नातवंडांना वर्गात 'अशुद्ध' म्हणणार असाल, तर तो दर्जा नेमका कोणाच्या मराठीला मिळाला?

आता प्रश्न आपल्यालाच. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण महिनाभर वर्गणी गोळा करतो. आपल्या गावच्या शाळेत शनिवारी काय चालते हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. त्या जागांवर आपली माणसे आहेत का? असतील तर सभेला जातात की नुसती सही करतात? विचारून बघा.

'शिका' हा आदेश फक्त पोरांसाठी नाही. काटा मालकाचा असतो हे चौथीतल्या मुलीला कळले आहे. शाळेचा काटा तरी आपण आपल्या हातात घेऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!