मोडेन पण वाकणार नाही

"मोडेन पण वाकणार नाही" हे वाक्य आपल्याकडे छाती पुढे काढून म्हणायची पद्धत आहे. मीही आजवर म्हणत आलो. गेल्या वर्षी मात्र बारा काळ्या काड्यांनी माझी छाती परत आत घातली. त्या काड्यांची ही गोष्ट.

माझी मोठी बहीण पाचोडला असते. धुळे-सोलापूर महामार्गावरचं, पैठण तालुक्यातलं गाव. दाजींची मोसंबीची बाग आहे. भाची तेरा वर्षांची. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं विजेतेपद मिळवलं. आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी फॉरवर्ड केली आणि विसरून गेलो. भाची विसरली नाही. आधी बांबूचं धनुष्य, बांबूचेच बाण. मग सरांनी तिला जुनं रिकर्व्ह धनुष्य वापरायला दिलं आणि सांगितलं, आता कार्बनचे बाण लागतील.

मामा पुण्यात, आयटीत. साहजिकच काम मामाकडे आलं!

आता मी पडलो इंजिनिअर. मिक्सर घ्यायचा तरी एक्सेल शीट उघडणारा माणूस. तीन वीकेंड नुसते वाचण्यात आणि व्हिडिओ बघण्यात घालवले. गंमत अशी की कार्बनच्या बाणांवर नेटवर जे काही सापडत होतं, त्यातलं बहुतेक अमेरिकन शिकाऱ्यांनी लिहिलेलं. तिकडे धनुष्यबाणानं हरणांची शिकार कायदेशीर आहे, त्याचा सीझन असतो, परवाने मिळतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो विषयच संपला. पण मी विचार केला, जो बाण हरणाच्या बरगड्यांतून पार होतो, त्याच्यापुढे कागदाचं टार्गेट म्हणजे किस झाड की पत्ती!

शिकाऱ्यांचा सल्ला स्पष्ट होता. बाण जड हवा, म्हणजे आत घुसतो. कडक हवा. सरळपणा इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक हवा. मी तसेच घेतले, ३४० नंबरचे, एक डझन. किंमत ताईला सांगितली नाही, आणि बायकोलाही नाही :-)

बाण पोचले. भाचीनं फोटो पाठवला, हात नुसता आनंदानं उंचावलेला. आणि मग हळूहळू फोन कमी झाले.

दोन महिन्यांनी ताईचाच फोन आला. "अरे, ती खेळ सोडते म्हणतेय. बाण सारखे डावीकडं जातात. रोज रडते. हे म्हणतात, नसंल पोरीच्या हातात, तर कशाला ओढाताण करायची?" सर त्या काळात कसल्याशा ट्रेनिंगला बाहेरगावी होते. पोरगी एकटीच बागेच्या कडेला, कडब्याच्या पेंढ्यांपुढे रोज दोन तास उभी राहायची. मामानं एवढे महागाचे बाण दिलेत, म्हणजे चूक आपलीच, असा तिनं सरळ हिशोब केला होता. कुणीही असाच केला असता.

पुढच्या शनिवारी मी पाचोडला. तिच्या मागे उभा राहिलो. प्रत्येक बाण सुटताना धनुष्याला "टक्" असा आवाज व्हायचा आणि बाण डावीकडे. सर परत आले होते, त्यांनाही बोलावलं. त्यांनी एक बाण उचलला, त्यावरचा नंबर वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, रानडुक्कर मारायचंय का?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी तीन वीकेंड वाचूनही पाहिलं नव्हतं, कारण मी फक्त "सर्वात चांगला कोणता" एवढंच शोधत होतो.

बाण सरळ जात नाही. बोटांनी दोरी सोडली की ती थोडी बाजूला सरकते, मागून दणका बसतो आणि बाण धनुष्याला वळसा घालून, माशासारखा वळवळत पुढे जातो. १९३० च्या दशकात अमेरिकेत हिकमन नावाच्या शास्त्रज्ञानं वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं होतं. म्हणजे बाणानं वाकायलाच हवं, पण किती ते त्या धनुष्याच्या जोरावर ठरतं. कमी वाकला तर उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडे जातो, जास्त वाकला तर उजवीकडे. शिकाऱ्यांकडे बहुतेक ६०-७० पौंडांची कंपाउंड धनुष्यं असतात. त्यात दोरी बोटांनी नाही, छोट्या यंत्रानं सुटते, त्यामुळे बाजूचा हिसकाही कमी. त्यांना ३४० बरोबर. भाचीच्या बोटांवर येत होते जेमतेम २४ पौंड. तिच्या धनुष्यापुढे माझा बाण म्हणजे "मोडेन पण वाकणार नाही"!

हा नंबर, म्हणजे स्पाईन, मोजायची रीत अगदी घरगुती आहे. २८ इंच अंतरावर दोन टेकू, त्यावर बाण आणि मधोमध ८८० ग्रॅम वजन. काडी जितके इंच झुकते, त्याच्या हजारपट म्हणजे स्पाईन. म्हणजे नंबर मोठा तर बाण मऊ. संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात दोन स्टुलं लावली, वजनकाट्यावर पाण्याची बाटली मोजून भरली. माझा बाण झुकला जेमतेम साडेआठ मिलिमीटर. सरांनी आणलेला १००० नंबरचा चांगला इंचभर.

भाची बराच वेळ त्या दोन काड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मामा, माझा हात चुकत नव्हता?"

नव्हता गं बाई. मामा चुकला होता. दाजी काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले आणि मोसंबी कापून घेऊन आले.

दुसऱ्यांदा बाण घेताना आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली, बाणापासून नाही तर पोरीपासून. तुमच्या घरात कुणी तिरंदाज निघाला तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आधी ती दोरी किती ओढते ते मोजलं : २६ इंच. धनुष्यावर २८ पौंड लिहिलेलं असलं तरी तो आकडा २८ इंच ओढीचा असतो, दर इंचाला साधारण दोन पौंड कमी-जास्त. म्हणून २४. मग त्या वजनाचा आणि लांबीचा स्पाईन उत्पादकाच्या तक्त्यात पाहिला. बाण ओढीपेक्षा दीड-दोन इंच लांब ठेवला. एक तर पोर वाढतंय, आणि आखूड बाण टेकूच्या मागे घसरून हातात घुसू शकतो. लांबी वाढली किंवा टोक जड केलं की बाण मऊ वागतो, हेही धरलं. सरळपणा मध्यम प्रतीचा घेतला, कारण हजाराव्या भागाचा फरक दिसायला आधी हात तेवढा स्थिर लागतो. त्यापेक्षा डझनातले सगळे बाण सारख्या वजनाचे असणं महत्त्वाचं. शेवटी एका बाणाला पिसं न लावता मारून पाहिला. तो पिसं असलेल्या बाणांच्या जवळच रुतला, म्हणजे जोडी जमली.

आणि एक गोष्ट विसरू नका. ॲल्युमिनियमचा बाण वाकला की दिसतो. कार्बनचा आतून तडकलेला असला तरी सरळच दिसतो, आणि सुटताना फुटून हातात घुसू शकतो. म्हणून तो आधी हलकेच वाकवून, पिळून, कानाशी धरून ऐकायचा. करकर आली की फेकायचा. भाची हे आता दर बाणाला करते, न सांगता.

नवे बाण माझ्या पहिल्या डझनापेक्षा बरेच स्वस्त पडले. तीस मीटरवर तिचे सहा बाण आता जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत येतात. पदक वगैरे काही नाही अजून. पण फोन पुन्हा सुरू झालेत, आणि रडण्यासाठी नाहीत.

ऑफिसात माझ्या हाताखाली सध्या दोन नवी मुलं आहेत. त्यातल्या एकाचं काम सारखं "डावीकडे" जातंय. सोमवारी त्याच्याशी बोलायचं ठरवलंय. आधी मी त्याच्या हातात काय दिलंय, ते तपासून.