सात लाद्या

आमच्या हॉलमध्ये बाल्कनीच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत सात लाद्या आहेत, दोन फुटी. एरवी कोण कशाला मोजायला जातंय! पण परवा संध्याकाळी पेपर खाली केला तर ठकी पहिल्या लादीवर मुटकुळं करून बसलेली, शेपटीचं टोक माझ्या अंगठ्यावर टेकलेलं. तीन वर्षांपूर्वी ही बया घरात आली तेव्हा सातव्या लादीवर बसायची, तेही मागचे पाय बाल्कनीतच ठेवून. तीन वर्षांत सहा लाद्या, म्हणजे वर्षाला चार फूट. सरकारी कामाच्या मानाने वेग वाईट नाही.

पहिल्या वर्षी ताटली ठेवून आपण स्वयंपाकघरात निघून जायचं, मग ती खाणार. हात पुढे केला की फिस्कारणार. पाहुणे म्हणत, कसलं हे मांजर, ढुंकूनही बघत नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिल्या भेटीत गळ्यात पडणारी माणसं मलाही झेपत नाहीत. कुत्र्याचं प्रेम मला नेहमी निवडणुकीतल्या कार्यकर्त्यासारखं वाटतं: आधी स्वागत, मग ओळख. (कुत्रेवाल्यांनी रागावू नये. रागावतीलच.)

मध्ये वाचनात आलं, इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या मंडळींनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराकडे बघून सावकाश डोळे मिचकावले की तेही तसेच मिचकावतं आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही यायला धजतं. मी लागलो डोळे मिचकवायला. आठवडाभराने बायको म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून या." ठकीने मात्र पाचव्या लादीवरून, दुकानाचं शटर ओढावं इतक्या संथपणे, एकदा डोळे मिटले आणि उघडले. एकदाच.

लहानपणी मांडीवर मांजर घेतल्याची माझी आठवणही एकच, आणि ती गोणपाटातून.

माझं आजोळ गुहागर तालुक्यात, धोपाव्याजवळ. तिथे एक करडी मांजरी होती. कुणाच्या हाताला लागत नसे. एकदा तिने नैवेद्याच्या दुधात तोंड घातलं आणि आजीचं डोकं फिरलं. "अरे, खाडीपलीकडे सोडून ये हिला," असा मामाला हुकूम झाला. मी तेव्हा आठ वर्षांचा. मामाने पोत्याचं तोंड सुंभाने बांधलं आणि होडीत ते माझ्या मांडीवर दिलं, कारण त्याच्या हातात दाभोळला पोचवायचे नारळ होते. वासिष्ठीचं मुख तिथे चांगलं रुंद आहे. आता मोटारीसकट नेणारी फेरीबोट असते, तेव्हा नव्हती. मला वाटलं होतं, ती ओरडेल, बोचकारेल. तिने हूं की चूं केलं नाही. गोणपाट खरखरीत, जुन्या भाताचा वास येणारं. त्याच्या आत, माझ्या उघड्या मांडीला लागून, ऊब होती आणि त्या उबेत काहीतरी भराभरा धडधडत होतं. मी वरून हात ठेवला. पाठ कुठली, डोकं कुठलं, कळेना. ती हलली नाही.

"मामा, हिला श्वास घेता येतोय ना?"

"गप बस. पोतं धर नीट."

दाभोळच्या बंदरावर सुंभ सोडल्यावर ती बाहेर आली, अंग झटकलं आणि मागे न बघता मासळीच्या टोपल्यांआड गेली. "मजा आहे तिची," मामा म्हणाला. "रोज मासे."

सहाव्या दिवशी सकाळी ती ओटीवर पाय चाटत बसली होती. रिकाम्या टोपलीत बसून आली, असं होडीवाला सांगे. खरंखोटं त्यालाच ठाऊक. आमचं आजोळ शाकाहारी. बंदरावरची मासळी सोडून ही ताकभाताला का परतली, यावर तिथे वर्षभर चर्चा चालली. "मांजर घराचं असतं, माणसाचं नव्हे," आजी म्हणाली आणि दुधाची वाटी तिनेच खाली ठेवली. मी पुढे पाच उन्हाळे ओटीवर मांडी घालून बसून पाहिलं. ती माझ्या मांडीच्या बाजूने वळसा घालून जायची.

सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. २००४ साली ते जाहीर झालं. दोघांत अंतर सुमारे ४० सेंटिमीटर. मी पट्टी लावून पाहिलं, आमच्या एका लादीपेक्षा कमी. ते मांजर जेमतेम आठ महिन्यांचं होतं म्हणे. आठ महिन्यांत तिथवर पोचलं. पोचलं म्हणा, नाहीतर कुणी नेऊन ठेवलं म्हणा.

हल्ली ठकी पहाटे माझ्या पायाशी येऊन पांघरुणावर कणीक मळते, घुरघुरते. पाय आखडला तरी मी हलवत नाही. दुधासाठी उठलो की पायात घोटाळते. पाहुणे आता म्हणतात, किती माणसाळलेलं मांजर!

येत्या शुक्रवारी तिला रेबीजची लस द्यायची आहे. तिला न्यायची बास्केट मी काल माळ्यावरून काढून पुसून ठेवली. तिने ती पाहिली. आज ती चौथ्या लादीवर बसली आहे.