कोरं म्हणजे शून्य नव्हे

‘दूध संकलनाच्या नोंदी आणते.’ एआय एजंटला डेटाबेसचं एखादं साधन वापरायला द्यायचं, तर त्यासोबत वर्णन लिहावं लागतं. आमच्याकडे हे काम आलं तेव्हा वर्णन एवढंच होतं. चार शब्द. खोटं त्यात काही नव्हतं, पण त्यावर काम चालण्यासारखंही नव्हतं.

मी भूममध्ये राहून, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. हे काम तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राचं. सचिवांनी मराठीत विचारायचं, ‘या दहा दिवसांत कुणाचं दूध घटलं?’ आणि एजंटनं नोंदी चाळून उत्तर द्यायचं. गंमत अशी, की साधनाच्या आतला कोड एजंटला दिसत नाही. त्याला दिसतं साधनाचं नाव, वर्णन, आणि कुठली माहिती कुठल्या स्वरूपात पुरवायची त्याची यादी. अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही साधनांची ओळख अशीच करून देतात. कुठलं साधन उचलायचं आणि हाती आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे एजंट त्या मजकुरावरूनच ठरवतो.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. ‘प्रमाण’ या रकान्यात लिटर आहेत की किलो? दूध पाण्यापेक्षा जड. शंभर लिटर दूध साधारण १०३ किलो भरतं. महिन्याच्या बेरजेत हा फरक लहान राहत नाही. ‘दर’ म्हणजे कुठला? गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, हातात पडणारा दर त्यावरून वरखाली होतो. ‘जिल्हा’ या रकान्यात जुन्या नोंदींना उस्मानाबाद आहे, २०२३च्या नामांतरानंतरच्या नोंदींना धाराशिव. आपल्याला ते एकच आहेत हे माहीत असतं. एजंट त्यांच्या दोन वेगळ्या बेरजा करू शकतो. हे सगळं मी वर्णनात घातलं.

अडलं ते कोऱ्या रकान्यांपाशी. काट्यावर बसणारे नाना माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनाच जाऊन विचारलं.

“नाना, इथं कोरं का आहे?”

“लाईट नव्हती. काटा बंद. पावती हातानं दिली की.”

“आणि हे शून्य?”

“दूध आलतं, पर नासकं निघालं. माघारी दिलं.”

“या बाईंच्या नावाची तर त्या दिवशी ओळच नाही.”

नाना माझ्याकडे बघतच राहिले. “आगं पोरी, भट्टीला घातलं आसंल. सणाला खव्याला भाव आसतो. न्हाईतर म्हैस आटली आसंल.”

भूमच्या माणसाला यात नवल नाही. कुंथलगिरीचा पेढा याच तालुक्यातला. खव्याच्या भट्ट्या आमच्या भागात जागोजाग आहेत. डेअरीला न आलेलं दूध भट्टीवर गेलं असेल, हे इथल्या पोरालाही कळतं. म्हणून तर ते कुणी कधी लिहून ठेवलं नाही.

पण यावर पुढं बरंच अवलंबून होतं. दिवाळीआधी चाऱ्यासाठी उचल कुणाला द्यायची, याची यादी सरासरी दुधावरून काढायची होती. समजा, दोन म्हशींवर घर चालवणारी एक बाई दहा दिवस सकाळ-संध्याकाळ चार लिटर दूध घालते. वीस वेळा, ८० लिटर. त्यातल्या पाच वेळी वीज नव्हती. एसक्यूएलमध्ये सरासरी काढणारं एव्हीजी कोरे रकाने वगळतं, म्हणजे उत्तर चार येतं. पण एजंटनं टापटीप म्हणून कोऱ्या जागी शून्य भरलं, तर ६० भागिले २०, तीन लिटर. यादीत यायला साडेतीन लागत असतील, तर बाई बाहेर. त्यातून ज्या वाडीवर वीज जास्त जाते, तिथल्यांचीच नावं जास्त गळणार.

मग वर्णन असं झालं: ‘एका उत्पादकाच्या दिलेल्या काळातल्या दूध-नोंदी देते. प्रमाण लिटरमध्ये. शून्य म्हणजे दूध आलं, पण नाकारलं. कोरं म्हणजे काटा बंद होता. दूध घेतलं आहे, आकडा हातपावतीवर आहे. कोऱ्या जागी शून्य धरू नये. ओळच नसेल, तर दूध केंद्रात आलं नाही; कारण या नोंदींवरून सांगता येत नाही. कोऱ्या नोंदी असतील तर उत्तरात त्यांची संख्या सांगावी. थकबाकीसाठी हे साधन वापरू नये.’

वर्णनानं सगळं भागत नाही. ‘नोंदी बदलू नयेत’ असं लिहिणं म्हणजे विनंती करणं. कुलूप वेगळं लावावं लागतं. म्हणून एजंटच्या खात्याला डेटाबेसमध्ये फक्त वाचायची परवानगी ठेवली.

हा मजकूर मी नानांना वाचून दाखवला. एसक्यूएल त्यांना येत नाही, पण प्रत्येक वाक्य खरं की खोटं हे तेच सांगू शकतात. त्यांनी एकच भर घातली: कधीकधी लाईट आल्यावर ते हातपावतीचे आकडे मशीनमध्ये चढवतात, म्हणजे आज कोरं असलेलं उद्या भरलेलं दिसेल. तेही लिहिलं. काट्याला बॅटरी बसवायचं चाललंय. ती बसली की कोऱ्याचा अर्थ पुन्हा बदलेल, म्हणून वर्णनाच्या शेवटी तारीख टाकलीय, आणि पुढं लिहिलंय: काट्यावर बसणाऱ्याला विचारून तपासलं.