नळीतली काजळी

निवडणूक जाहीर झाली, की बारामती-इंदापूरकडच्या अनेक परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आज जमा करण्याआधी रायफल साफ करायला बसलो.

बाहेरून नळी लख्ख दिसते. खरा प्रश्न आत असतो. चेंबरच्या पुढे, काडतुसाचं तोंड संपतं तिथं, जळालेल्या दारूची काजळी थरावर थर चढत कड्यासारखी घट्ट बसते. गोळीनं मागे सोडलेला तांब्याचा थर अमोनियाच्या द्रावणात विरघळतो. ही काजळी त्याला दाद देत नाही. तिचं वेगळं द्रावण मुरू द्यायचं, मग ब्रश, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा हात. सळई चेंबरकडून तोंडाकडे न्यायची, कारण तोंडाची कड घासली तर नेम बिघडतो. काजळीचं कडं वाढलं तर गोळीमागचा दाबही वाढतो. शिवाय काजळी ओल धरते. पावसाळी हवेत बंद खोलीत पडून राहिलेल्या नळीत गंजाचे खड्डे पडतात, आणि ते भरून येत नाहीत.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. आपण गुण पाहिले; अशा अचूकतेमागे नळीची निगाही असते.

पीक राखायला असो वा खेळायला, शस्त्र बाळगणाऱ्याला त्याच्या आतलं ठाऊक असायला हवं. ते शिकवणारं कुणीतरी प्रत्येक तालुक्यात असावं, असं मला मनापासून वाटतं.