आश्विनातला बालाघाट

पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात पाऊस पाहण्यासाठी प्रवासाला निघावे, हे ऐकणाऱ्याला विपरीतच वाटते. बीडचे नाव वर्तमानपत्रांत येते ते टँकर आणि चारा-छावण्या यांच्या संगतीने. तथापि बालाघाट पाहावा तो आश्विनात, परतीच्या पावसात. आषाढ-श्रावणात डोंगर हिरवा होतो, परंतु दरडींतून झरे फुटतात ते जमिनीची तहान पुरती भागल्यावरच.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो अतिवृष्टीचा तडाखा बसला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच महिन्यात, १७ तारखेला, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. नोकरीतील बरीच वर्षे या जिल्ह्यातील शाखांत एस.टी.ने हिंडलेल्या माझ्यासारख्याला ती बातमी पुनःपुन्हा वाचावीशी वाटली. दसरा झाल्यावर आम्ही उभयता बीडला व्याह्यांकडे गेलो आणि त्यांच्याच मोटारीने पाटोदा, केज, अंबाजोगाई असा बेत ठरला. व्याह्यांची मोंढ्यात तीन पिढ्यांची आडत आहे. सोबत दशम्या, खाकरे आणि उकळून गार केलेले पाणी घेऊन सूर्योदयानंतर निघालो.

शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्यापासून जवळच खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतील सलाबतखानाच्या काळात राजा भास्कर या जाणकाराकडून ती बांधवून घेतली गेली. विहीर दिसायला साधी आहे, कौतुकाचा भाग जमिनीखाली आहे. डोंगराच्या पोटातील झऱ्यांचे पाणी दोन भुयारी कालव्यांतून विहिरीत येते आणि तिसऱ्यातून ते केवळ उताराच्या बळावर खालच्या शेतांकडे जाते. ना मोट, ना पंप. साडेचार शतकांपूर्वी ज्याने ही आखणी केली, त्याला पाऊस जमेस धरून त्याचा खर्च बेताने कसा करावा, हे नेमके ठाऊक होते. अशा विहिरीभोवती आज जी अनास्था दिसते, ती पाहून मन विषण्ण होते.

मांजरसुंब्याचा घाट चढू लागलो तशी पावसाची झड आली. डोंगर धुक्यात बुडाला, कातळावरून पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या लोंबू लागल्या. रस्त्यावर वाणी, गोगलगायी, बेडूक यांची इतकी वर्दळ की, व्याह्यांच्या चिरंजीवांनी मोटार बैलगाडीच्या गतीने चालविली. साधु-साध्वींचा विहार चातुर्मासात का थांबतो, हे या घाटात कोणाला समजावून सांगावे लागू नये.

पुढे दुतर्फा सीताफळांची झाडे. मुरमाड, उथळ जमिनीत हे झाड सुखाने वाढते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आडोशाला पाटी घेऊन बसलेल्या एका आजीबाईंकडून सौ.ने डझनभर फळे घेतली. पावसाने फळ तडकते, गोडी उतरते, असे आजीबाईंनी स्वतःच सांगितले आणि दोन फळे वर घातली.

सौताड्याला रस्ता संपता संपता जमीनच संपल्यासारखी वाटते. विंचरणा नदी कड्यावरून थेट खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दरी ढगांनी भरली होती, केवळ घोष ऐकू येत होता. दहा मिनिटांनी वारा फिरला आणि धबधबा, मंदिराचे शिखर, पलीकडची हिरवी भिंत असे सारे एकदम उघडे झाले.

परंतु मला दृश्याहून अधिक गुंतवून ठेवले ते नकाशाने. याच पाटोदा तालुक्याच्या डोंगरांतून सिंदफणा उत्तरेकडे निघते आणि माजलगावच्या पुढे मंजरथला गोदावरीस मिळते. येथेच उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे वळते आणि लातूर, बिदर असा मोठा वळसा घालून थेट तेलंगणात गोदावरीला भेटते. विंचरणेचे पाणी मात्र सीनेत, सीनेतून भीमेत आणि अखेर कृष्णेत जाते. एकाच सरीचे थेंब कोसाकोसाच्या अंतरावर पडून वेगवेगळ्या खात्यांवर जमा होतात. ज्या तालुक्याच्या नावे ती सर पडते, त्याची शिल्लक मात्र उन्हाळ्यात शून्य असते.

परतून नेकनूरवरून केजकडे निघालो. आता पावसाचे दुसरे रूप दिसू लागले. शेतांत पाणी तुंबलेले, कापसाची बोंडे काळवंडलेली, सोयाबीनच्या गंजींवर ताडपत्र्या आणि त्यांवर दगड. एका गंजीपाशी व्याह्यांनी मोटार थांबविली. शेतकरी त्यांच्याच पेढीचा. शेंग सोलून दाणा त्यांनी दाताखाली धरला. कोरडा दाणा कट्ट वाजतो, हा वाजला नाही. शासकीय खरेदीला बारा टक्क्यांच्या आत ओलावा लागतो. क्विंटलला ५,३२८ रुपये हा आधारभूत भाव त्या मालापुरता कागदावरच राहणार होता.

"भाऊ, यंदा कसं करावं?" शेतकऱ्याने विचारले. व्याही काही बोलले नाहीत, केवळ त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बँकेत असताना मार्चअखेरची थकबाकी मला आश्विनातच दिसू लागे. खळ्यावरचा एक पाऊस आणि खरिपाचे पीककर्ज अनुत्पादक. आमच्याजवळ त्यासाठी परिपत्रके होती, पुनर्गठनाचे नमुने होते. मोंढ्यातल्या पेढीजवळ असते ते फक्त माणसाच्या तोंडाकडे पाहून घेतलेले अनुमान. कोणते अधिक अचूक ठरते, याविषयीचे माझे मत नोकरीतील माझ्या वरिष्ठांना रुचले नसते.

केजच्या अलीकडे ट्रॅक्टरवर पत्रे, चूल, कोयते लादलेले दिसले. ऊसतोडीला निघण्याची तयारी. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडी, म्हणजे नवरा-बायको मिळून, हिशेबात 'एक कोयता' धरली जाते. ओला असो की कोरडा, दुष्काळात या कोयत्यांची संख्या वाढते.

धनेगावला मांजरा धरण काठोकाठ भरलेले. २०१६ मध्ये हेच धरण आटले, म्हणून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. भिंतीपासून दूर, पावसातच उभे राहून आम्ही ते पसरलेले तांबूस पाणी पाहिले. कोणालाही बोलावेसे वाटेना.

अंबाजोगाईला पोहोचेपर्यंत सूर्य ढगांआडच राहिला. पंचांगातील वेळ पाहून, घड्याळाच्या भरवशावर सहाच्या आधी धर्मशाळेत जेवण उरकले. जेथे मुकुंदराजांची समाधी आहे आणि जेथे दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला, ते हे गाव. शिवलेणीतील दगडी हत्ती सकाळी पाहावयाचे ठरले.

रात्री पत्र्यांवर पाऊस वाजत होता. व्याह्यांनी मुनीमजींना दूरध्वनी लावला. त्या शेतकऱ्याचे नाव सांगितले, पाठोपाठ आणखी सात-आठ नावे. "दिवाळीचं किराणा-कापड यांना नेहमीसारखंच द्यायचं. मागची बाकी काढू नका. जानेवारीत तूर येईल, तेव्हा बघू." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि ताडपत्र्या किती शिल्लक आहेत, तेवढं उद्या सकाळी मोजून ठेवा."