काव्यावर

मैना नाचायला लागली की लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवली होती.

पुण्याबाहेर नदीकाठी सात घोड्यांचा एक तबेला आहे. पत्र्याची शेड, समोर बांबूचं गोल कुंपण, कुंपणाशेजारी कडुनिंब. भाचीला घोडेस्वारी शिकायची होती म्हणून तिला घेऊन मी तिथं जायला लागले. चार रविवारांत भाचीची हौस फिटली, मी मात्र जात राहिले. त्यातल्या पहिल्याच रविवारी सळया भरलेला एक टेम्पो रस्त्यानं खडखडत गेला आणि कडुनिंबाखाली बांधलेली घोडी पुढचे पाय एकाआड एक उचलायला लागली. मान कमानीसारखी, कान टवकारलेले, ठेका जराही चुकत नव्हता. "काय सुंदर नाचते!" म्हणत मी टाळी वाजवली. तबेल्यातले मामा दुसऱ्या घोड्याला खरारा करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "नाचत नाय ताई. तिला पळायचंय. पळू देत नाय कुणी, म्हणून जाग्यावर पळतीय."

टाळीसाठी जुळलेले हात मी पदराला पुसले. पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं.

मैना आठ लग्नसराया वरातीत होती. त्याआधी सारंगखेड्याच्या बाजारात, तापीच्या काठी दत्तजयंतीला भरते त्या यात्रेत, कुणीतरी तिचे भोवरे तपासून, दात बघून तिला विकत घेतलं होतं. रंग कुमैत, रक्त काठेवाडी. काठेवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोकाला टोक भिडतं. मैनेनं दोन्ही कान पुढं केले की त्यांच्यामध्ये बदामाच्या आकाराची एक खिडकी तयार होते आणि तिच्यातून पलीकडचा नदीकाठ दिसतो. पण ही खिडकी दिसायला मला पाच महिने लागले. कारण डोक्याच्या आसपास हात गेला की ती मान झटक्यात वर न्यायची. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढुरके वण आहेत. काटेरी लगामाचे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं केलेल्या नियमांत असल्या काटेरी साधनांना बंदी आहे. मैनेच्या तोंडातला लगाम त्यानंतर कितीतरी वर्षांनी घडवला गेला असणार.

मी मुद्रितशोधक आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका शोधते. चूक दिसली की हात शिवशिवतो. घोड्यापाशी हा हात काही कामाचा नाही, उलट नडतो, हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिला महिना मामांनी मला फक्त उभं केलं. मैनेच्या डाव्या खांद्याजवळ, चार हातांवर, तिच्याकडं टक लावून न बघता. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. आपण माणसं मात्र प्रेमानं थेट नाकासमोर जाऊन कपाळावर हात ठेवतो. म्हणजे जिथं त्याला दिसत नाही नेमकं तिथंच. खांद्याकडून जायचं, कललेल्या वाटेनं, आणि तिनं एक कान वळवला की थांबायचं. कान वळवला म्हणजे दखल घेतली. तेवढ्यावर त्या दिवसाचं काम संपायचं. रिक्षाला जाऊन-येऊन चारशे रुपये घालून मी एक कान बघून घरी यायचे.

"आता हिला काव्यावर धरायची," असं मामा दुसऱ्या महिन्यात म्हणाले तेव्हा माझ्या धंद्याच्या सवयीनं मला आधी कविता आठवली. पण हा शब्द काव्याचा नाही, काव्याचा आहे. लिहून दाखवताही येत नाही असा घोळ! मूळ शब्द 'कावा'. लांब दोराच्या एका टोकाला घोडा, दुसऱ्या टोकाला माणूस, आणि माणसाभोवती घोड्यानं घेतलेलं रिंगण, तो कावा. गनिमी काव्यातल्या काव्याला आपण डाव, हुलकावणी एवढंच समजतो. घोडा फिरवण्याचा अर्थही त्याच शब्दात आहे, हे मला कोशातून नाही, शेणाच्या वासात उभं राहून कळलं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या कोड्याचं उत्तर लहानपणी आम्ही पाठ केलं होतं: न फिरवल्यामुळं. फिरवायचं कसं, ते कोड्यात नव्हतं.

मामांचे आजोबा एका संस्थानिकाच्या पागेत मोतद्दार होते. आजोबांची विद्या जशीच्या तशी चालवतो, असं मात्र मामा म्हणत नाहीत. आपल्याकडं घोडा शिकवणाऱ्याचं नावच चाबूकस्वार, त्यात पहिला शब्द चाबूक. अमेरिकेतल्या गुराख्यांचीही रीत निराळी नव्हती. ते तर घोडा 'मोडतो' असंच म्हणत. त्यांच्यातच ओरेगॉनमधला टॉम डोरन्स नावाचा एक अबोल माणूस घोड्याच्या बाजूनं विचार करायला लागला, रे हंट त्याच्याकडून शिकला, आणि हंटनं ते गावोगाव शिबिरं घेऊन पसरवलं. हंटकडं शिकलेल्या बक ब्रॅनमनवर २०११ साली माहितीपट निघाला. लहानपणी बापाचा बेदम मार खाल्लेला हा माणूस पुढं भेदरलेल्या घोड्यांचा जाणकार झाला. मामांचा भाचा हे सगळं मोबाइलवर बघतो आणि 'प्रेशर', 'रिलीज' असे शब्द तबेल्यात आणतो. मामा त्याला दाब आणि सोड म्हणतात. गोष्ट एकच. दाबानं घोडा शिकत नाही. दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी आपण काय करत होतो, ते तो शिकतो.

वाचायला हे फार सोपं आहे. माझ्या हातून झालं ते असं.

काठीला प्लास्टिकची पिशवी बांधायची, लांबून हलवायची. मैना बिचकणार, सरकणार. ती सरकतेय तोवर पिशवी हलती ठेवायची. ती थांबली, अगदी पापणीभर थांबली, की पिशवी खाली. एवढंच. पण डोळ्यांची पांढरी कड दाखवत ती मागं सरकायला लागली की माझ्या पोटात तुटायचं आणि मी लगेच पिशवी लपवायचे. तीन रविवार मी अशी दया करत राहिले. चौथ्या रविवारी पिशवी नुसती पिशवीतून काढली (पिशव्या आम्ही पिशवीतच ठेवतो), तर मैना तरातरा मागं जाऊन कुंपणाला टेकली. मामा हसले नाहीत. "बरोबर शिकलीय ती," म्हणाले, "तुमी शिकवलं तेच." मागं गेलं की पिशवी जाते, हा धडा मी तिला न चुकता दिला होता. तो पुसायला दोन महिने गेले. आणि डावीकडून पुसला गेला तरी उजवीकडून शिल्लक होता. डाव्या डोळ्याला जुनी झालेली पिशवी उजव्या डोळ्यासमोर आली की पुन्हा नवी. छापलेल्या पानाच्या पाठीमागं दुसरं पान असावं तसं.

मग हळूहळू काही जमलं. मागं सरकवायला आधी नुसतं बोट हलवायचं, नाही ऐकलं तर मनगट, मग कोपर, मग खांदा. दोराची लाट क्रमानं मोठी करायची, आणि तिनं एक पाऊल दिलं की सगळं एकदम शांत. रागाला यात जागा नाही. खांद्यापर्यंत गेलेल्या हाताला पुढच्या वेळी पुन्हा बोटापासूनच सुरुवात करायची असते. मागचा भाग वळवायला बरगडीच्या मागं, कुशीपाशी बोटं टेकवून थांबायचं. माशी बसली तरी थरारणारी ती कातडी, तिला बोटाचं वजन पुरतं. मागचा एक पाय दुसऱ्यापुढून ओलांडून गेला की समजायचं, पळायचा जोर आता तिच्याकडं नाही. घोड्याचं इंजिन मागं असतं, आणि मागचे पाय एकमेकांना ओलांडत असताना कुणाला उधळता येत नाही.

या पद्धतीवर मोठमोठं लिहिलं जातं, त्यातलं काही मीच तपासलं आहे. 'विश्वासाचं अतूट नातं' हे शब्द मला त्यात इतक्या वेळा भेटले की आता भेटले की मी पेन्सिल उचलते. कॅलिफोर्नियाच्या माँटी रॉबर्ट्सनं आपली रीत १९८९ साली विंडसरला थेट राणी एलिझाबेथपुढं करून दाखवली. गोल कुंपणात घोड्याला लांब पळवायचं, मग एकदम पाठ फिरवून उभं राहायचं, की घोडा आपण होऊन मागून येतो आणि खांद्याशी नाक लावतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. सिडनी विद्यापीठात २०१२ साली संशोधकांनी हाच प्रयोग माणसाऐवजी रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीनं केला. घोडे गाडीजवळ यायला शिकले! म्हणजे खांद्याशी आलेलं ते नाक प्रेमाचं असेल, किंवा 'बाई, आता पळवू नको' एवढंच म्हणत असेल.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते चंदी भिजवत होते. म्हणाले, "आसंल की. गाडीला काय कळतंय कवा थांबायचं? थांबवनारा मानूसच व्हता ना?"

विश्वास हा शब्द मी अजून वापरत नाही. मी मैनेचा मागचा पाय बघते. घोडी निर्धास्त असली की मागचा एक पाय सैल सोडते, खुराचं नुसतं टोक जमिनीला टेकवते. तीन पायांवर उभं असलेलं जनावर लगेच पळू शकत नाही, आणि ते त्याला माहीत असतं. सहाव्या महिन्यातल्या एका सकाळी माझा हात तिच्या कानामागं होता. हात तिथवर नेण्याचीही रीत आहे. ती मान उचलेल त्याच्या आधी तो मागं घ्यायचा. उचलल्यावर घेतला तर पिशवीचीच गत. गालापर्यंत, मागं. गळपट्टीपर्यंत, मागं. असं करत हात कानाच्या मुळाशी पोचला, तिथली कातडी कोमट आणि आश्चर्य वाटावं इतकी मऊ होती. मैनेनं मान खाली सोडली, जबडा हलवून तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळलं. हे चघळणं म्हणजे ताण उतरल्याची खूण, असं जाणकार सांगतात. ताण उतरला म्हणजे तो चढलाही होता, हेही त्यात आलं. मग तिनं मागचा उजवा पाय सैल केला. मी श्वास सोडला तेव्हा कळलं, तो मी धरून ठेवला होता.

स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. माणसांना घोडा धरून चार वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत जायला सांगितलं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, आता घोडा जवळून जाताना छत्री फाडकन उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि छत्रीचं काहीही माहीत नसलेल्या घोड्यांचेही. मामांना यात काही नवल वाटलं नाही. "दोर असतोय ना हातात," म्हणाले.

गेल्या वैशाखातली गोष्ट. संध्याकाळी मी मैनेला काव्यावर धरून फिरवत होते. डावीकडून दहा रिंगणं झाली, उजवीकडून दहा. दोर मध्येच झोळ पडलेला, सैल, घोडी दुडक्या चालीत, खुरांखाली धूळ आणि त्या धुळीत कलतं ऊन. भाचा चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, "पलीकडच्या मंगल कार्यालयात आज लग्न हाय. डीजे हाय. सातला वरात याच रस्त्यानं जानार."

पावणेसात झाले होते. रस्त्यावर काही नव्हतं. कडुनिंबावर साळुंक्या तेवढ्या भांडत होत्या. मैना थांबली. मान कमानीसारखी झाली. उजवा पुढचा पाय वर आला, खाली गेला. डावा वर आला.

मी मामांकडं पाहिलं. मामा घोडीकडं नाही, माझ्या मुठीकडं बघत होते. दोरातला झोळ गेला होता, तो तिच्या मोहरकीपासून माझ्या बोटांपर्यंत तारेसारखा ताठ झाला होता. मी कधी ओढला, मला सांगता येणार नाही.

बोटं उघडायला वेळ लागला. एकेक करून उघडली. दोर खाली आला, मध्ये वाकला, जमिनीला लागला. मैनेचा डावा पाय वरच होता. तो तिनं थोडा वेळ तसाच धरला, आणि ठेवला.

आम्ही अंधार पडेपर्यंत तिथंच उभे होतो. चहा गार झाला. वरात त्या रस्त्यानं आलीच नाही.