आगाऊ वर्दी

युद्धाला विरोध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते हजारोंचे मोर्चे, फलक आणि घोषणा. मला मात्र आठवतो तो पवनारच्या गावकऱ्यांपुढे बोलणारा एकटा माणूस. 'आठवतो' म्हणायला मला तसा अधिकार नाही. गोष्ट १९४० सालची, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. पण वर्षानुवर्षे इतिहास शिकवला, की काही माणसे उगाचच ओळखीची वाटू लागतात.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. कुणाला विचारले नाही, पुसले नाही. लग्न ठरावे आणि पत्रिका छापून आल्यावर ते नवरीला कळावे, तसलाच हा प्रकार! प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि आता गांधीजी देश पेटवणार, असे पुष्कळांना वाटले. गांधीजींनी केले काय? तर एका माणसाला बोलायला सांगितले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला भाषण केले: या युद्धाला माणसे देऊ नका, पैसा देऊ नका; युद्ध मुळातच वाईट, त्याला उत्तर अहिंसेनेच द्यायचे. मग ते आजूबाजूच्या गावांतून हेच सांगत फिरले. २१ तारखेला त्यांना पकडले. तीन महिन्यांची शिक्षा झाली. दुसरे नाव जवाहरलालांचे होते. त्यांना तर बोलण्याआधीच, ३१ ऑक्टोबरला धरले. पहिला मान मिळालेला हा माणूस कोण, हे देशाला सांगण्यासाठी गांधीजींना 'हरिजन'मध्ये लेख लिहावा लागला होता!

मला गंमत वाटते ती या सत्याग्रहाच्या रीतीची. सत्याग्रही निवडून घ्यायचा. त्याने कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणत्या गावी बोलणार, ते मॅजिस्ट्रेटला आधी लिहून कळवायचे. आमच्याकडे पोलिसांत वर्दी जाते ती गुन्हा घडल्यावर. इथे गुन्हेगारच आगाऊ वर्दी देत होता! लंडनवर तेव्हा बाँब पडत होते. सरकारची अडचण साधून गर्दीने त्याच्या छातीवर बसायचे नाही, म्हणून हे एकेकट्याने करायचे. नाताळच्या दिवसांत तर सत्याग्रह चक्क थांबवला होता. साहेबालाही सण आहे, त्याची सुट्टी कशाला बुडवा? भांडणातही इतका शेजारधर्म पाळलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

१९४१ च्या मध्यापर्यंत असे वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. आणि त्याच युद्धात, शेवटापर्यंत, हिंदी फौजेत माणसे होती सुमारे पंचवीस लाख. तराजूचे कोणते पारडे खाली गेले, ते सांगायला नकोच. शिवाय समोर हिटलर होता. त्याला अहिंसेने कसे थोपवायचे, हे मला आजही समजत नाही, आणि समजल्यासारखे दाखवावे असेही वाटत नाही.

हा धडा मी सातारा जिल्ह्यात शिकवतो. इथे अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्याचे शेहेचाळीस जवान पडले. लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांची चूल फौजेतल्या पगारावर पेटते. एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील सरहद्दीवर होते.

"गुरुजी, त्या माणसाच्या गावात कुणाचाच बाप फौजेत नव्हता का?"

वर्ग हसला नाही. मी त्याला म्हणालो, "असेल की. त्याच्यासमोरच तर बोलायचे होते." तो बसला, पण त्याचे समाधान झाले असे मला दिसले नाही. माझेही पुरते झाले नव्हते.

खरे म्हणजे व्हाइसरॉयला विरोध करणे सोपे; तो दूर दिल्लीला. अवघड असतो तो शेजारच्या घराचा उंबरठा. मनीऑर्डरीची वाट बघत बसलेल्या म्हातारीला 'तुझा पोरगा गेला ते बरे नाही' म्हणायचे, आणि त्याच दमात तिच्या पोराची खुशालीही विचारायची!

ज्यांना पोलीस पकडत नसत, त्यांच्यासाठी गांधीजींनी सांगून ठेवले होते: बोलत बोलत दिल्लीच्या वाटेने पायी चालू लागा. मला कादंबऱ्या लिहिण्याची खोड आहे. त्यामुळे तुरुंगात गेलेल्यांपेक्षा हा न पकडलेला माणूसच मला अधिक छळतो. ना हार, ना बेड्या, ना वर्तमानपत्रात नाव. दिवेलागणीला कुठल्याशा गावात पोचायचे, पारावर चार माणसे जमली तर त्यांना सांगायचे, नाही जमली तर पारालाच. मग रात्री कुणीतरी भाकरी वाढणार. वाढणारीचा मुलगा फौजेत असला, तर तो तिच्याशी काय बोलत असेल? हे पान मी तीनदा लिहायला घेतले आहे. दर वेळी ती आधी विचारते, "भाकरी आणखी वाढू का?" आणि तो मान हलवून ताट पुढे करतो.